पाणकणीस पैसे देऊन घ्यावं का? गावाबाहेरच्या पाणवनस्पतींच्या नर्सरीचा अनुभव, ४ स्टार

ज्यांना फक्त भाव आणि पार्किंग बघायचंय त्यांच्यासाठी आधी तेच लिहून टाकते. गाडी थेट आतपर्यंत जाते, पाणकणसाचा (तळ्याकाठी वाढणारं ते तपकिरी कणसाचं उंच गवत) एक गड्डा १५० रुपये, वेखंड ६०, कमळाचे भाव रंगावर, टब आणि माती वेगळी, घरी येऊन बसवून हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे. सोमवारी बंद. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या नाशकात कुठला रस्ता कधी खोदलेला असेल सांगता येत नाही, म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा की आत्ता कुठल्या बाजूने येऊ, ते नीट सांगतात. बाकी ज्यांना खरंच घरी पाणकणीस लावायचंय त्यांनी पुढचं सगळं वाचा, कारण हे झाड तुळशीसारखं आणलं आणि कुंडीत खोचलं असं नाहीये.

मला हे हवं होतं ते नांदूर मध्यमेश्वरमुळे. आमचं सासर निफाडकडचं, त्यामुळे थंडीत तिथल्या चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चक्कर ठरलेली असते. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात बंधारा बांधला, मग वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं आणि त्याच गाळात पाणकणीस, देवनळ आणि कायकाय वाढून आजचं पाणथळ तयार झालं. १९८६ ला अभयारण्य झालं, आणि जानेवारी २०२० मधे रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आल्याची बातमी आली तेव्हा महाराष्ट्रातलं ते पहिलंच होतं. सगळे तिथे फ्लेमिंगो शोधत असतात पण मला त्या पाणकणसाच्या दाटीत घुसणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या जास्त आवडतात, एवढाला पक्षी, लाल चोच, लांब लांब बोटं, एक कोंब पायाने धरून सोलतो आणि आतला पांढरा गर खातो, दुर्बिणीतून बघत बसलं की वेळ कुठे जातो कळत नाही. तर आमच्या रो हाऊसच्या बाजूला जी मोकळी पट्टी आहे, जिथे दुपारपर्यंत कडक ऊन असतं आणि गुलाब जळून जातो, तिथे एक टब आणि त्यात हे लावावं असं डोक्यात बसलं. पाणकोंबडी येणार नाही हे माहितीये, निदान झाड तरी.

आता अभयारण्यातून उपटून आणायचं नाही, ते बेकायदा आहे, एक काडीसुद्धा नाही. शहरातल्या नासर्डी नदीच्या कडेला भरपूर दिसतं पण त्या पाण्यात काय काय येतं ते सगळ्या नाशिकला माहितीये, तो चिखल मी घरात आणणार नाही. म्हणून नर्सरी शोधली. शहरातल्या नेहमीच्या नर्सऱ्यांमधे विचारलं तर अर्ध्या लोकांनी छत्री गवत पुढे केलं, म्हणजे ते दांड्याच्या टोकाला पानांची छत्री असणारं, हॉटेलांच्या कारंज्यात लावतात ते. दिसायला छान आहे, पण ते मूळचं मादागास्कर आणि आफ्रिकेकडचं, आपल्या गोदावरीचा आणि त्याचा काही संबंध नाही. एकाने तर "मॅडम पाणकणीस म्हणजे हेच" म्हणून तेच बिलात लावायची तयारी केली. शेवटी एका मैत्रिणीने ही गावाबाहेरची नर्सरी सांगितली.

नर्सरी म्हणजे मळाच आहे. पुढे शेडनेट, मागे सिमेंटचे हौद ओळीने, एकेका हौदात एकेक जात. मालक काका वयस्कर आहेत, बोलणं कमी, पण जे बोलतात ते कामाचं. मी पोचले तेव्हा आधीच एक शेतकरी दादा उभे होते, चांदवडकडचे, त्यांना शेततळ्याच्या कडेने हिरवं काहीतरी हवं होतं, पाहुणे येतात म्हणे, दिसायला बरं दिसेल, आणि पाणकणीस एकदम पन्नास गड्डे न्यायला तयार होते. काकांनी विचारलं, तळ्याला कागद (पाणी मुरू नये म्हणून घालतात तो प्लास्टिकचा) अंथरलाय का. हो म्हणाले. मग काका म्हणाले, "मग हे नेऊ नका भाऊ. याचं खोड चिखलात आडवं पळतं आणि त्याचे कोंब टोकदार असतात, कागद फाडून आरपार जातील. मी आज साडेसात हजार घेईन आणि तुम्ही वर्षाने मला शिव्या घालाल." कागदाला लाखांत खर्च येतो हे शेततळं असलेल्या प्रत्येकाला माहितीये. त्या दादांना चार कमळं आणि थोडी वेखंडं कुंड्यांमधे देऊन पाठवलं. पन्नास गड्ड्यांचं गिऱ्हाईक समोर असताना असं सांगणारा दुकानदार मी तरी फार बघितले नाहीत, माझे चारातले दोन स्टार इथेच पक्के झाले.

मला विचारलं, जमिनीवर ठेवणार का गच्चीवर. कारण पाण्याचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही, २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर चिखल, टब, झाड, गच्चीत ठेवायचं तर बीमवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको असं म्हणाले. आमचं जमिनीवर म्हणून प्रश्न मिटला. पण जमिनीत खड्डा करून लावू का म्हटलं तर ठाम नको म्हणाले, टबमधेच ठेवा, कायम. मोकळ्या ओल्या जमिनीत सोडलं तर एका हंगामात ते कुठल्या कुठे पोचतं आणि मग खणून काढता काढता कंबर जाते.

मग त्यांनी एक गोष्ट दाखवली ती मला फार आवडली. हौदातली एक पात घेतली, विळ्याने मधे आडवी कापली आणि कापलेली बाजू माझ्यासमोर धरली. आत सगळे कप्पे कप्पे, छोट्या छोट्या रिकाम्या खोल्या, मधे पातळ पडदे. ती पात पाण्यात धरून दाबली तर बुडबुडे आले. म्हणजे झाडाची मुळं ज्या चिखलात असतात तिथे हवा नसतेच, तिथे बागेतलं साधं झाड लावा, कुजून जाईल, पण हे पानांमधल्या या पोकळ्यांमधून हवा खाली मुळापर्यंत पोचवतं, थोडी हवा मुळांतून चिखलातही जाते आणि त्याच्यावर तिथले जीवाणू जगतात, सांडपाणी साफ करायच्या प्रकल्पांत ही झाडं लावतात त्यामागे हे एक कारण. यातूनच देखभालीचा नियम निघतो: वाळलेल्या पाती कापायच्या त्या पाण्याच्या वर, चांगलं वीतभर ठेवून. वाळका बुडखासुद्धा हवा खाली नेत असतो. सगळ्या पाती पाण्याखाली कापल्या की पाणी आत शिरतं, खालचं खोड गुदमरतं आणि गड्डा मरतो. ज्यांना तळ्यातून हे घालवायचंय ते मुद्दाम असंच कापतात. म्हणजे लावायचं आणि मारायचं, दोन्हीचं शिक्षण एका पातीत झालं.

इथपर्यंत पाचच स्टार होते.

घरी बसवून द्यायचं ठरलं, छोट्या हत्तीतून दोन मुलं आली. टब चांगला होता, पाण्याची जुनी काळी टाकी आडवी कापून कडा घासून गुळगुळीत केलेली. (फवारणीचे निळे ड्रम कापून स्वस्तात विकतात ना आपल्याकडे, द्राक्षवाल्यांकडचे, ते अजिबात घेऊ नका, कितीही धुतले तरी मासे टाकायची हिंमत होत नाही.) गड्डे ओल्या गोणपाटात गुंडाळलेले, पाती गुडघ्याएवढ्या तिरक्या छाटलेल्या, म्हणजे वाऱ्याने हलून मुळं सुटू नयेत, खाली पांढरे कोंब शाबूत. हे सगळं मस्त. पण माती आणली ती नेहमीची कुंडीची, लाल माती कोकोपीट शेणखत. मी म्हटलं अरे हे पाण्यात तरंगेल, तर मुलगा म्हणतो मॅडम सगळीकडे हेच घालतो. पाणी सोडलं आणि व्हायचं तेच झालं, कोकोपीट सगळं वर, पाणी चहाच्या रंगाचं, गड्डा उघडा पडून आडवा झाला. संध्याकाळपर्यंत शेणखताचा वास शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात पोचला. मुलं तोपर्यंत निघून गेलेली. काकांना फोन केला तर त्यांनी वाद घातला नाही, मातीचे पैसे परत केले, पण माणसं परत पाठवायला बरेच दिवस लावले, रोज उद्या उद्या. मालकाला सगळं माहिती आणि पोरांना काहीच नाही, असं कसं चालेल. काकांनी पोरांना एकदा त्या हौदांपाशी उभं करून शिकवावं. अर्धा स्टार इथे गेला.

मातीचं काम शेवटी नानांनी केलं, म्हणजे माझे सासरे. त्यांनी मागे धरणातला गाळ शेतात टाकून घेतला होता, सरकारच्या गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेतून, त्यातलाच राहिलेला दोन गोण्या घेऊन आले. काळा, चिकट, जड, यालाच म्हणतात माती. टबात तळाशी नुसता पसरायचा नाही, त्याची युक्ती काकांनी फोनवर सांगितली होती: टोमॅटोचं प्लास्टिकचं क्रेट घ्यायचं, पिंपळगावला बाजारात ढिगाने असतात ते, आतून गोणपाट लावायचं, त्यात गाळ ठासून भरायचा, मधे गड्डा, वर दोन बोटं वाळू आणि थोडे खडे म्हणजे माती उठत नाही, आणि ते क्रेट अख्खं टबात बसवायचं. पुढे फुटवे काढायचे, टब धुवायचा, तर क्रेट उचललं की झालं. पाणी सुरुवातीला गड्ड्याच्या वर जेमतेम चार बोटं, नवीन पाती वर आल्या की हळूहळू वाढवायचं, वीतभर पुरे. युरिया नाही, शेणखत नाही, काही नाही, खत घातलं की झाडाआधी शेवाळ वाढतं.

नानांचं मात्र वेगळंच चालू होतं. त्यांना किंमत कळली तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "पैशे दिऊन पानकनीस आनलं? आमच्या चारीला फुकाट हाय, पाटबंधारेवाले जेशीबी लावून काढत्यात, त्यास्नी उलटं तुमीच पैशे द्या म्हनावं. उद्या लव्हाळा इकत आना आन् परवा हरळी." आमचे हे नुसते हसत होते, माझी बाजू कुणी घेईना. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य बांधावरचं तण काढण्यात गेलं त्याच्यापुढे काय बोलणार. पुढच्या खेपेला नाना खताच्या गोणीत चारीतला एक गड्डा घालून घेऊनच आले, म्हणाले लाव हे बी, आन् बघ कोन्तं वाढतं.

लावलं. म्हणजे आधी वेगळ्या बादलीत ठेवलं, आणि बरं झालं ठेवलं. दोन-तीन आठवड्यांत त्या बादलीतून काय काय निघालं: आधी गोगलगायी, मग पाण्यावर बारीक हिरवी टिकली टिकली पसरली, मग एक जलपर्णीचं पिल्लू, नखाएवढं, मुळात कुठेतरी अडकून आलेलं, आणि कडेला हरळी फुटली ती वेगळीच. जलपर्णी एकदा टबात गेली असती तर काय झालं असतं ते कुणीही पावसाळ्याआधी गोदावरीवर जाऊन बघावं. नर्सरीच्या गड्ड्यात यातलं काही नव्हतं, काका गड्डे हौदातून काढले की मुळं उघडी करून धुतात आणि वेगळ्या स्वच्छ पाण्यात ठेवून मग विकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या मते १५० रुपये झाडाचे नाहीतच, जे सोबत आलं नाही त्याचे आहेत. वाढीचं विचाराल तर नाना जिंकले, त्यांचं धुऊन धुऊन लावलेलं चारीचं झाड नर्सरीच्यापेक्षा हातभर उंच गेलं, आता माझ्या डोक्याच्या बरंच वर आहे, आणि प्रत्येक पाहुण्याला ते बोटाने दाखवतात. तर ज्यांच्याकडे गावाकडची स्वच्छ चारी आणि धीर दोन्ही आहे त्यांनी खुशाल फुकट आणावं. शहरात राहणाऱ्याने नर्सरीतूनच घ्यावं.

आता उरलेला अर्धा स्टार. नर्सरीच्या दारात मोठा बोर्ड आहे, देशी पाणवनस्पती. आत गेल्यावर उजव्या हाताला तेच छत्री गवत. त्याच्या शेजारी एक बुटकं नाजूक पाणकणीस, गुडघ्याएवढं, गोल बोराएवढं कणीस, पाटीवर लिहिलंय मिनी पाणकणीस आणि किंमत देशीच्या तिप्पट. ही युरोपकडची जात आहे. विकायला हरकत नाही, बाल्कनीवाल्यांना तेच परवडतं, पण देशीच्या बोर्डाखाली का. काकांना विचारलं तर म्हणाले मुलाने नवीन आणलंय, चालतं. आणि त्याहून मला जास्त खटकलं ते पाटीवर खाली लिहिलेलं, "डास पळवते". अहो नाही पळवत! उलट दाट पातींच्या बुडाशी पाणी स्थिर आणि सावलीत असतं, डासांच्या अळ्यांना लपायला एक नंबर जागा. नाशकात दरवर्षी डेंग्यूचा ताप असतो, त्याचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि कुणीतरी ही पाटी वाचून बेडरूमच्या खिडकीखाली टब ठेवेल. पाटी काढा काका, प्लीज.

डासांना उपाय मासे. आम्ही गप्पी सोडले, ॲक्वेरियमच्या दुकानात स्वस्तात मिळतात, पण ते आपले देशी नाहीत म्हणून टबातून बाहेर नाल्यात-नदीत जाणार नाहीत हे बघायचं, पावसात टब भरून वाहतो तिथे जाळी लावा. महापालिकेची माणसं टाक्या तपासायला आली तेव्हा टॉर्च मारून बराच वेळ टबात बघत होती, अळ्यांचं औषध काढलंच होतं बाटलीतून, मासे दिसल्यावर बाटली परत पिशवीत. दुसरे मदतनीस आपोआप आले, चतुर. पहिल्याच पावसाळ्यात पातींच्या टोकावर लाल चतुर येऊन बसायला लागले, जागेवरून हाकललं तरी परत त्याच टोकावर. मग एका सकाळी मुलाने हाक मारली, आई इकडे ये लवकर. पातीवर पाण्याच्या वर साधारण हातभर एक मातकट किडा घट्ट चिकटून बसलेला, पाठ फाटलेली, आणि त्या फटीतून चतुर बाहेर येत होता, आधी डोकं, मग पाय, मग उलटा लोंबकळत राहिला, पंख चुरगळलेले ओले. शाळेची रिक्षा दारात हॉर्न वाजवत होती आणि हा हलायला तयार नाही. दुपारी आला तेव्हा पातीवर फक्त रिकामी कात होती, ती त्याने कंपासपेटीत ठेवलीये. ही चतुरांची पिल्लं पाण्यात असतात तोवर अळ्याच खातात. पाटीवर हे लिहा ना हवं तर.

घरचं सांडपाणी यात सोडता येईल का, हे बरेच जण विचारतात, मीही विचारलं होतं. काका सरळ नाही म्हणाले, आणि बरोबर आहे ते. त्याला खडी भरलेली वेगळी लांबट टाकी लागते, पाणी त्यातून दिवसचे दिवस हळूहळू सरकावं लागतं, तेलकट पाण्याला आधी वेगळा कप्पा लागतो, साफ करायचं बरंचसं काम खडीला आणि मुळांना चिकटलेले जीवाणू करतात. एका टबात भांड्यांचं पाणी ओतलं तर गटार होईल फक्त. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र आम्ही यातच टाकतो, उन्हाळ्यात रोज एवढं पाणी उडतं की बादलीभर घालावंच लागतं. त्यात क्षार जास्त असतात, ते साठत जातात, पण पाणकणीस ते बऱ्यापैकी सोसतं, आणि पावसाळ्यात टब भरून वाहू दिला की सगळं धुतलं जातं.

हिवाळ्यात घाबरू नका. आपल्याकडे थंडी म्हणजे थंडी, निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा शहरातही हुडहुडी भरते, त्या दिवसांत पाती टोकापासून पिवळ्या पडत पडत सगळा टब वाळल्यासारखा दिसतो. काकांना फोन करणाऱ्यांची डिसेंबरात रांग लागते म्हणे, झाड मेलं, पैसे परत द्या. मेलेलं नसतं. वाळलेलं वरून छाटा, पाणी तेवढंच ठेवा, उन्हं तापायला लागली की कोंब येतात. नवीन लावायचं असेल तर तेव्हाच लावा, फेब्रुवारीच्या शेवटाला, नाहीतर जूनमधे.

कणीस पहिल्या वर्षी आलं नाही, दुसऱ्या पावसाळ्यात आलं. वरचा भाग नराचा, पिवळा परागकणांचा, तो झडून जातो, मधे बोटभर उघडी काडी आणि खाली मादीचं ते तपकिरी मखमली कणीस, डिट्टो चॉकलेटची कुल्फी. (ही मधली उघडी काडी आपल्याकडच्या जातींची खूण आहे, काही परदेशी जातीत दोन्ही भाग एकमेकांना चिकटून असतात, घेताना कणीस असेल तर एवढं बघून घ्या.) फुलदाणीसाठी हवं असेल तर कोवळं तपकिरी झालं की लगेच कापायचं. आणि नको असेल तरी कापायचंच! कारण एका कणसात लाखभर, कधी त्याहूनही जास्त बिया असतात, प्रत्येकीला कापूस, आणि ते वाळून फुटलं की वारा नेईल तिकडे. आम्ही एक हौसेने ठेवलं होतं, ते फुटलं नेमकं शेजारच्या वहिनींच्या कुरडया गच्चीवर वाळत असताना. कोकोपीटच्या वासाचं त्या विसरल्या होत्या, ते पण आठवलं त्यांना. एक शिंजीर मात्र त्यातला कापूस चोचीत भरभरून घरट्याला नेत होती, तिची काही तक्रार नव्हती.

तर हिशोब असा. झाडाची प्रत, ओळख, स्वच्छता पाच. काकांचा सल्ला पाच, खरं तर सहा. घरी बसवायची सर्व्हिस दोन, ती घेऊच नका, गड्डा आणि टब तेवढा आणा, गाळ आणि क्रेट स्वतः बघा, एका सकाळचं काम आहे. पाट्यांना शून्य. यूपीआय चालतं पण मळ्यात रेंज येत-जात असते, थोडी कॅश ठेवा. सोबत कमळ घ्यायचा मोह झाला तर वेगळा टब घ्या, एका टबात पाणकणीस कमळाला जगू देत नाही. नीरब्राह्मी मात्र कडेला छान राहते, ती मी नंतर आणली, २० रुपयांत एवढी मोठी जुडी दिली.

एक राहिलं, क्रेट वर्षात गच्च भरतं, गोणपाट फाडून कोंब बाहेर येतात, तेव्हा ते उचलून अर्धा गड्डा कापून काढावा लागतो. नर्सरीवाले जास्तीचे गड्डे परत घेत नाहीत. यंदाचे माझ्याकडे धुऊन ठेवलेले बादलीत पडून आहेत, नाशकात कुणाला हवे असतील तर खाली सांगा, पैसे नकोत, क्रेट तुमचं आणा. शेततळंवाल्यांनी मागू नका.